सातव्या फेरीची पैज

"आमच्या अंगणात बसून आमचे मीठ खाल्लेत आणि गावी जाऊन आमच्यावरच प्रवचन केलेत, हे फादर, तुम्हांला शोभले काय?" अशा वाक्याने सुरू होणारे एक पत्र आमच्या मेजावर पडून आहे. पत्र लिहिणारा आमच्या ओळखीचा, नव्हे, प्रेमातला आहे. त्याचे लग्न आम्हीच लावले. गेली अनेक वर्षे तो अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक आहे. रविवारची मिस्सा चुकवीत नाही, म्हाताऱ्या आईला दर वर्षी काही महिने आपल्याकडे नेतो, आणि वसईतील आमच्या शाळेचे छप्पर गळू लागले तेव्हा कोणी न मागता त्याने पैसे पाठवले होते. अशा माणसाचे पत्र टोपलीत टाकता येत नाही.

त्याची तक्रार अर्धी खरी आहे. आम्ही त्याचे मीठ खाल्ले, आणि चांगले पोटभर खाल्ले. प्रवचनात त्याचे नाव आम्ही घेतले नव्हते. परंतु आपल्या समाजात नाव न घेतलेला माणूस ओळखायला मिस्सा संपून देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंतचा वेळ पुरतो, हे आमच्या ध्यानात यायला हवे होते. त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली आहे. जे बोललो त्याबद्दल मात्र मागितलेली नाही. का मागितली नाही ते येथे लिहितो, कारण त्याच्या पत्रातील एकूण एक युक्तिवाद आम्ही इकडेही ऐकला आहे, आणि तो करणारी माणसे वाईट नसतात, हीच तर अडचण आहे.

प्रसंग असा. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही रजेवर असताना शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी मुक्कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, लास वेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये मेक्सिकोचा साउल आल्वारेझ, ज्याला सारे 'कानेलो' म्हणतात, आणि नेब्रास्कातील ओमाहा शहराचा टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढत व्हायची होती. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला येतो. मोठ्या लढती त्या आठवड्याच्या अखेरीस, किंवा मे महिन्यात 'सिंको दे मायो'च्या सुमारास ठेवायच्या, ही तिकडच्या मुष्टियुद्धाच्या धंद्यातील मुरलेली रीत आहे. सण लोकांचा, गल्ला दुसऱ्याचा. पूर्वी अशी लढत घरी पाहायची तर वेगळे पैसे मोजावे लागत. २०१५ साली मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत घरबसल्या पाहायला सुमारे शंभर डॉलर पडत होते. म्हणून दहा मित्रांनी वर्गणी काढायची, एकाच्या घरी जमायचे, अंगणात मांस भाजायचे आणि मध्यरात्रीपर्यंत बसायचे, असा प्रघात पडला. या खेपेस नेटफ्लिक्सने ती वेगळ्या आकाराशिवाय दाखवली. वर्गणीचे कारण उरले नव्हते, पण मंडळी जमलीच. चांगल्या सवयी कारण संपल्यावरही टिकतात.

होय, चांगल्या सवयी. येथे आम्हांला काही गैरसमज राहू द्यायचा नाही. शुक्रवारी रात्री आमच्या यजमानाने डुकराच्या फासळ्या परातीत घेतल्या, त्यांना आईने गावाहून नेलेला बाटलीमसाला, लसूण आणि सिरका चोळला आणि रात्रभर मुरत ठेवल्या. शनिवारी दुपारी बाराला अंगणातील झाकणाच्या शेगडीत कोळसे पेटवले. भडका विझून निखाऱ्यांवर राख धरली तेव्हा त्याने ते एका बाजूला सारले आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवले, म्हणजे विस्तवाची आच लागेल पण जाळ लागणार नाही. झाकण लावले. मग पाच तास काही करायचे नव्हते. हे 'काही करायचे नव्हते' आम्हांला फार आवडले. तिकडच्या माणसाला एरवी पाच मिनिटे रिकामी मिळत नाहीत. त्या शेगडीमुळे अकरा-बारा माणसे सक्तीने निवांत बसली. एक फिलिपिनो परिचारिका आणि तिचा नवरा, यजमानाच्या कचेरीतील दोघे-तिघे, शेजारचे एक मेक्सिकन कुटुंब, आपल्या वसईची आणखी दोन घरे. कोणी मुलाच्या कॉलेजच्या कर्जाविषयी बोलले, कोणी गावच्या विहिरीविषयी. फिलिपिनो बाईने मागच्या वर्षी गेलेल्या वडिलांची गोष्ट सांगितली आणि सांगताना थांबली, तेव्हा कोणी घाईने विषय बदलला नाही. माणसे एकमेकांना किती दिवसांनी भेटत होती ते त्यांच्या बसण्यावरून कळत होते. पुनरुत्थित प्रभूने तिबेरियाच्या सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली, हा प्रसंग आम्ही सेमिनरीत अभ्यासला आहे आणि अनेकदा त्यावर बोललो आहोत. त्या दुपारी तो आम्हांला नव्याने समजला असे म्हणायला आम्हांला संकोच नाही.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जेवणे झाली आणि खिशांतून फोन निघाले.

आम्हांला वाटले, मुलाबाळांना कळवणे चालले असेल. यजमानाचा तेरा वर्षांचा मुलगा आमच्या शेजारी बसून आम्हांला समजावू लागला. "फादर, ज्याच्यापुढे उणे चिन्ह आहे तो वरचढ. उणे दीडशे म्हणजे दीडशे लावले तर शंभर सुटतात. अधिक एकशे तीस म्हणजे शंभर लावले तर एकशे तीस." कोण जिंकणार यावरच नव्हे, तर कसा जिंकणार, गुणांवर की प्रतिस्पर्ध्याला आडवा करून, कोणत्या फेरीत आडवा करून, यावर वेगवेगळे भाव. लढत चालू असतानाही भाव पालटतात. एकाच्या भुवईतून रक्त आले की दुसऱ्याचा आकडा सरकतो. त्या राज्यात २१ वर्षांखालील माणसाला पैज लावता येत नाही. तेव्हा या मुलाने एक डॉलरही लावला नव्हता. त्याला फक्त सारे पाठ होते. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणताना तोच मुलगा मध्ये दोनदा अडतो, हे आम्ही दुसऱ्या दिवशी मिस्सेत पाहिले.

फोनवरील पैजा ज्याच्या त्याच्या. परंतु अंगणाचीही एक पैज होती. यजमानाने टोपीत तेरा चिठ्ठ्या घातल्या. लढत बारा फेऱ्यांची. बारा चिठ्ठ्यांवर एकेका फेरीचा आकडा, तेराव्या चिठ्ठीवर 'गुणांवर'. प्रत्येकाने वीस डॉलर टाकून एक चिठ्ठी उचलायची. ज्या फेरीत माणूस पडून लढत संपेल त्या फेरीच्या चिठ्ठीवाल्याला सारी रक्कम. "फादर, तुमचे वीस आम्ही भरतो, हात घाला." आम्ही हात घातला. आमच्या हाती सात आला.

नाही म्हणता आले असते. परंतु धर्मगुरूने अंगणात आल्याबरोबर उपदेश सुरू करू नये, लोकांत लोकांसारखे राहावे, असे आम्हीच नव्या धर्मगुरूंना सांगत आलो आहोत. शिवाय सात आकडा आम्हांला आवडला. हे सारे खरे कारण आहे आणि ते लज्जास्पद आहे.

लढत मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली. कानेलो वजनदार आणि सट्ट्याच्या बाजारात किंचित वरचढ. क्रॉफर्ड दोन वजनगट वर चढून आलेला, पण हालचालीत चपळ. मुष्टियुद्ध आम्हांला फारसे कळत नाही. तरीही त्या दोघांच्या पायांतील शिस्त, अंतराचा अंदाज आणि हात बाहेर काढून क्षणात परत नेण्याचे कसब आम्हांला दिसत होते. पहिल्या तीन-चार फेऱ्या आम्ही ते कसबच पाहत होतो. पाचवी फेरी संपली तशी ज्यांच्या हाती पहिल्या पाच चिठ्ठ्या होत्या त्यांनी त्या चुरगाळून शेगडीत टाकल्या. सहावी संपली. सातवीची घंटा झाली आणि कोणीतरी ओरडले, "फादर, तुमची फेरी!"

पुढील तीन मिनिटे आम्ही खुर्चीच्या पुढच्या काठावर होतो. आम्हांला कानेलो पडायला चालला असता, क्रॉफर्ड पडायला चालला असता. कोण पडतो याचे आम्हांला काही सोयरसुतक नव्हते. फक्त कोणीतरी पडावे, या तीन मिनिटांत पडावे, आणि दहा अंक मोजेपर्यंत उठू नये. एका गुद्द्याने कानेलोचे डोके मागे गेले तेव्हा आमच्या तोंडून आवाज निघाला. तीस वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालेला तो आवाज आम्ही येथे लिहून दाखवू शकत नाही.

त्या आवाजानंतर आम्ही ऐकले ते यजमानाच्या आईचे बोलणे. आजी शाल पांघरून मागच्या खुर्चीत बसली होती. इतका वेळ तिला झोप लागली आहे असे सर्वांना वाटत होते. ती सुनेला विचारीत होती, "अगो, त्यांना कुणी सोडवत कसे नाही?"

सारे हसले. आम्हीही हसलो.

लढत बाराही फेऱ्या चालली. कोणी पडले नाही. तिन्ही गुणलेखकांनी क्रॉफर्डला विजयी ठरवले, एकाने ११६-११२ आणि दोघांनी ११५-११३. 'गुणांवर' ही चिठ्ठी यजमानाकडेच होती. रविवारी, १४ सप्टेंबरला, पवित्र क्रुसाचा सण होता. मिस्सेनंतर त्याने आमच्या हाती एक पाकीट ठेवले. आत २६० डॉलर होते. "शाळेच्या छपरासाठी, फादर." आम्ही ते घेतले नाही. तेथे त्याचे मन दुखावले, आणि पत्राचे मूळ आमच्या प्रवचनात नसून त्या पाकिटात आहे, असा आमचा तर्क आहे.

आता त्याचे मुद्दे.

तो लिहितो, हे सारे कायदेशीर आहे. आहेच. अमेरिकेत १९९२ च्या एका कायद्याने बहुतेक राज्यांना खेळांवरील पैजांना परवानगी देण्यास मनाई केली होती. तो कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द केला, आणि तो खटला न्यू जर्सीनेच लढवला होता. पुढच्याच महिन्यात त्या राज्यात पैजा सुरू झाल्या. आपल्याकडे उलट आहे. मुंबई इलाख्याचा जुगारविरोधी कायदा १८८७ चा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे तेच कृत्य नेवार्कच्या विमानतळावर निर्दोष आणि सहारच्या विमानतळावर गुन्हा. यावरून कायद्याविषयी काही कळते, कृत्याविषयी फारसे कळत नाही. १८८७ चा कायदा असतानाच मुंबईत मटका फोफावला, आणि तो तर न्यूयॉर्कहूनच आला होता: तेथील कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव तारेने येत, त्यांच्या आकड्यांवर गिरणगाव पैसे लावी, पुढे तारेची गरज उरली नाही, माठातील चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते आले, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र राहिले. आमच्या लहानपणी आमच्या गावातील एका बागायतदाराने केळीच्या दोन वाड्या त्या आकड्यांत घालवल्या. त्याची बायको पुढे आयुष्यभर दुसऱ्याच्या वाडीत पाणी लावायला जात असे. तेव्हा कायद्याचा आधार आम्ही घेत नाही, त्यानेही घेऊ नये.

तो लिहितो, ख्रिस्तसभेची शिकवण पैजेला पाप म्हणत नाही. हेही खरे आहे, आणि सेमिनरीत न गेलेल्या माणसाने ते शोधून काढले याचे आम्हांला कौतुक वाटले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात पैज स्वभावतः अन्याय्य मानलेली नाही. माणसाच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचे जे आहे ते तिच्यामुळे हिरावले गेले तर ती अग्राह्य ठरते, आणि तिचे व्यसन माणसाला गुलाम करू शकते, असा तिचा आशय आहे. आमच्या यजमानाच्या घरी कोणाच्या तोंडचा घास गेला नाही, हे मान्य. परंतु पैज कशावर लावली आहे हा प्रश्न त्या नियमाने मिटत नाही. उद्या पाऊस पडेल की नाही यावर दोघांनी पैज लावली तर ढगाला काही होत नाही. आमची सातवी चिठ्ठी ढगावर नव्हती. एका माणसाचा मेंदू कोणत्या तीन मिनिटांत शुद्ध सोडील, यावर ती होती. गोव्यात बैलांची धिरयो पैजा लावून खेळवतात. उच्च न्यायालयाने १९९६ साली तिला मनाई केली, कारण जनावरांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा आहे. मनाई असूनही ती चालते हा भाग वेगळा. परंतु दोन बैलांविषयी न्यायालयाला जे सुचले ते दोन माणसांविषयी आम्हांला सुचले नाही, आणि आम्ही त्या दिवशी सकाळी मिस्सा अर्पण केली होती.

मुष्टियोद्धे स्वखुशीने उतरतात, त्यांना कोट्यवधी मिळतात, गरीब घरांतील मुले वर येतात, असे त्याचे पुढचे म्हणणे. हा मुद्दा आम्ही हलका मानीत नाही. शिकागोचे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० साली कॅथलिक युवक संघटना काढली तेव्हा रस्त्यावरील पोरांना आत आणण्यासाठी त्यांनी मुष्टियुद्धाचेच सामने भरवले. ते भाबडे नव्हते. तालमीत घाम गाळणारा मुलगा नाक्यावर उभा राहत नाही, हे कोणत्याही धर्मग्रामातील धर्मगुरूला ठाऊक असते. मेरी कोमच्या २०१२ च्या पदकाने आम्हांलाही आनंद झाला होता.

परंतु ज्या राज्यात आमचा यजमान राहतो त्याच राज्यातील नेवार्क शहराचे एक शवचिकित्सक डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. डोक्यावर वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेले मुष्टियोद्धे चालताना झोकांड्या देतात, बोलताना अडखळतात, पुढे त्यांची बुद्धी मंदावते. प्रेक्षक त्यांना 'ठोशांनी झिंगलेले' म्हणून हसतात, तो मेंदूचा आजार आहे, असे त्यांनी मांडले. त्याला आता शंभर वर्षे होत आली. १९८३ साली जागतिक वैद्यक संघटनेने हा खेळच बंद करावा अशी मागणी केली. रोमच्या जेजुइटांच्या 'ला चिविल्ता कात्तोलिका' या नियतकालिकाने २००५ साली व्यावसायिक मुष्टियुद्धाला अनैतिक ठरवले. इतर खेळांतही माणसे जखमी होतात, मरतात. पण तेथे जखम हा अपघात असतो. येथे डोक्याला बसणारा सर्वांत जोरदार आघात हाच सर्वांत मोठा विजय असतो.

वैद्यक संघटना त्या वर्षी का जागी झाली, त्यामागे आदल्या वर्षीची एक शनिवारची दुपार असावी असे आम्हांला वाटते. १३ नोव्हेंबर १९८२. स्थळ पुन्हा लास वेगास, सीझर्स पॅलेस. ओहायोतील यंग्जटाउन गावचा एकवीस वर्षांचा रे मॅन्सिनी, कॅथलिक घरातला मुलगा, आणि दक्षिण कोरियाचा किम दुक-कू. सीबीएस वाहिनीवर थेट प्रक्षेपण. अमेरिकेतील किती अंगणांत त्या दुपारी शेगड्या पेटल्या असतील ते देव जाणे. किम मागे हटत नव्हता. चौदाव्या फेरीच्या आरंभीच मॅन्सिनीच्या उजव्या हाताच्या ठोशाने तो कोसळला, दोरांना धरून उठला, आणि पंचाने लढत थांबवली. थोड्याच वेळात तो बेशुद्ध झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चार दिवसांनी तो वारला. त्याची वाग्दत्त वधू गर्भवती होती. काही महिन्यांत त्याच्या आईने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी त्या लढतीचे पंच रिचर्ड ग्रीन यांनीही केली. मॅन्सिनी जगला, आणि ते दुःख वाहतच जगला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाची लढत पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणली. आमच्या यजमानाच्या टोपीत पंधरा नव्हे, बाराच फेऱ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, त्यामागे हा माणूस आहे.

त्या दुपारी कोठे तरी कोणी चौदाव्या फेरीवर पैसे लावले असतील, तर ते त्याला मिळाले. किम स्ट्रेचरवर होता तेव्हाही मिळाले. पैजेच्या तिकिटावर, पुढे काय झाले, यासाठी रकाना नसतो.

"मित्रांमित्रांत खेळलेली गंमत" हा त्याचा सर्वांत आवडता शब्दप्रयोग आहे, पत्रात तो चार वेळा आला आहे. आमचा राग सर्वांत अधिक त्यावरच आहे. मित्र दुपारी होते. फिलिपिनो बाई बापाविषयी सांगत होती आणि सारे थांबले होते, तेव्हा मित्र होते. चिठ्ठ्या वाटल्यावर त्याच निखाऱ्यांभोवती तेरा माणसे तेरा वेगवेगळ्या गोष्टी मनात धरून बसली. एकाची फेरी रिकामी गेली की बाकीचे बारा जण सुस्कारा सोडीत. निदान टोपीतील पैसे अंगणात तरी राहिले. फोनवरच्या पैजेत तेही नाही. समसमान लढत असली तरी तेथे ११० लावावे तेव्हा १०० सुटतात. दोघा मित्रांनी परस्परविरुद्ध बाजूंवर ११०-११० लावले, तर जिंकणाऱ्याला २१० मिळतात आणि दहा डॉलर तिसराच कोणी घेऊन जातो. तो तिसरा मित्र नव्हे, त्याने मांस भाजले नाही, त्याला कोणाच्या बापाचे नाव ठाऊक नाही. त्याच्या जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरांत व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक असतो. ज्या घरात शिरतो त्या घराची पुढची अवस्था त्याला आधीच माहीत आहे.

संत अगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स'च्या सहाव्या भागात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. रोममध्ये कायदा शिकणारा हा सज्जन तरुण. त्याला रक्ताच्या खेळांचा तिटकारा. एके दिवशी जेवण आटोपून निघालेल्या मित्रांनी त्याला थट्टेने ओढत रंगमंडळात नेले. तो म्हणाला, शरीर न्याल, डोळे आणि मन कसे न्याल? तो डोळे मिटून बसला. मग खाली एक जण पडला, लोकांनी गर्जना केली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले आणि त्याला नजर वळवता येईना. आत आला होता तो माणूस आता तेथे उरला नव्हता. हा प्रसंग आम्ही विद्यार्थ्यांना शिकवला आहे. शिकवताना आम्ही नेहमी अलिपियसच्या दुबळेपणावर बोलत असू. मित्र जेवून आले होते, हसत होते, प्रेमाने ओढत होते, या तपशिलावर आम्ही कधी थांबलो नव्हतो.

राहता राहिली हाऊजी. "तुमच्या सणाला मांडवात हाऊजी चालते, तिकिटे तुम्ही विकता, तिजोरी तुमची. मग आमचेच पाकीट काय म्हणून विटाळले?" या प्रश्नाला आम्ही पहिल्या मसुद्यात उत्तर लिहिले की हाऊजीत आकडा निघतो तेव्हा कोणाचे नाक फुटत नाही. ते खोडले. उत्तर बरोबर होते, पण आम्हांला सोयीचे होते. मागच्या एका सणाला एका बाईने लागोपाठ दहा तिकिटे घेतलेली आम्ही पाहिली. तिच्या मुलाची फी आमच्याच शाळेत थकली होती. वर दिलेला धर्मशिक्षणाचा नियम तेथे आम्हांला लागू होतो, न्यू जर्सीच्या अंगणाला नव्हे. आम्ही हाऊजी बंद करण्याचा प्रस्ताव धर्मग्राम मंडळापुढे ठेवला. दोन तास चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांनी, हाऊजी नसेल तर मांडवात येणार कोण, असा प्रामाणिक प्रश्न केला. प्रस्ताव सात विरुद्ध सहा मतांनी पडला. घरटी दोनच तिकिटे द्यायची एवढे मंजूर झाले. यजमानाने हे वाचून हसावे, त्याचा तो हक्क आहे.

परंतु एक गोष्ट त्याने पत्रात टाळली आहे, आणि ती त्याच्याच घरातली आहे. शुभवर्तमानकार योहान यांनी कोळशाचा विस्तव दोनदाच सांगितला आहे. एक सरोवराकाठचा, ज्यावर मासे होते. दुसरा प्रमुख याजकाच्या अंगणातला. थंडी होती म्हणून चाकरांनी तो पेटवला होता आणि पेत्रही त्यांच्यात शेकत उभा होता. आत त्या वेळी एका बांधलेल्या माणसाच्या तोंडावर चपराक बसत होती. बाहेर शेकणाऱ्यांपैकी कोणीही दुष्ट होता असे योहान म्हणत नाही. त्यांना थंडी वाजत होती, एवढेच. आमच्या त्या रात्रीच्या विस्तवाभोवतीही एकटी आजी सोडून कोणाला पडद्यावर माणसे दिसत नव्हती. तिने जे विचारले ते गावाकडील कोणतीही बाई बांधावरचे भांडण पाहून विचारील. त्या प्रश्नाला अंगणातील तेरा शिकल्यासवरल्या माणसांनी हसून उत्तर दिले, आणि त्यांतला एक पुरोहित होता. यजमानाने आमच्या मिठाविषयी विचारले आहे. आपल्या आईच्या प्रश्नाविषयी त्याने अवाक्षर लिहिलेले नाही.

पाकीट आम्ही आजीजवळ ठेवून आलो होतो. परवा तिचा फोन आला. तिने ते कोणाला दिलेले नाही, आपल्या बॅगेत लुगड्यांखाली ठेवले आहे. पुढच्या महिन्यात ती परत येते आहे. येताना पाकीट घेऊन येईन, तुम्ही आणि तो काय ते ठरवा, मला त्याची जोखीम नको, असे म्हणाली. यजमानाला आम्ही वेगळे पत्र लिहीत आहोत. त्यात फासळ्या मुरवताना सिरका आधी घालायचा की मसाल्यानंतर, हेही विचारले आहे.